वेळेत पोचलेला इलाज : मुलांच्या मेंदू आणि कण्याच्या शस्त्रक्रियांचा आढावा

मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागेल असे कानावर पडले की आईबाप बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतात. मूल वाचेल ना? आणि वाचले तर चारचौघांसारखे चालेल, बोलेल, शाळेत जाईल ना? गेल्या शंभर वर्षांत बालमेंदूशल्यचिकित्सेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पार बदलून टाकले आहे. एकेकाळी ज्या आजारांत मूल हमखास दगावत असे, त्यांतल्या अनेकांत आता ते मोठे होते, शिकते, नोकरीलाही लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ऑपरेशन थिएटरच्या बाहेर ठरते. लक्षण कोणाच्या आणि किती लवकर ध्यानात आले, मूल योग्य ठिकाणी कधी पोचले, शस्त्रक्रियेनंतरची दहा-पंधरा वर्षे त्याच्याकडे कोणी पाहिले, यावर ते अवलंबून असते.

या आढाव्यात मुलांच्या मेंदू आणि कण्याच्या काही प्रमुख आजारांचा विचार केला आहे : डोक्यात पाणी साठणे, दुभंगलेला कणा, मेंदूतील गाठी, औषधांना न जुमानणारा अपस्मार, आणि आपल्या देशात विशेष आढळणारे क्षयाचे व मानेच्या सांध्याचे विकार. हे आजार एकमेकांपासून दूरचे असले तरी त्यांच्या संशोधनाचा इतिहास एकाच निष्कर्षाकडे नेतो. उपचार बऱ्याच अंशी सापडलेले आहेत. ते मुलापर्यंत वेळेत पोचवणे हे आजचे मोठे काम आहे.

मुलांसाठी वेगळे शास्त्र का?

जन्मताना बाळाच्या मेंदूचे वजन साधारण ३५० ग्रॅम असते. पहिल्या वर्षात ते दुपटीहून जास्त होते आणि पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदू प्रौढ आकाराच्या ९० टक्क्यांच्या घरात जातो. याच काळात मज्जातंतूंवर आवरण चढते, दृष्टी, भाषा आणि हालचालींचे मार्ग पक्के होतात. या दिवसांत आलेला दाब, झटके किंवा किरणोत्सर्ग यांचे परिणाम आयुष्यभर टिकतात. दुसरीकडे याच वयाच्या मेंदूत सावरण्याची विलक्षण ताकद असते. एका बाजूचे काम दुसरी बाजू उचलू शकते, आणि वय जितके कमी तितकी ही शक्यता अधिक.

शरीराचे गणितही निराळे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त अडीचशे मिलिलिटरच्या आसपास असते. मोठ्या माणसात नगण्य वाटणारा पन्नास मिलिलिटरचा रक्तस्राव म्हणजे या बाळाचे पाचवा हिस्सा रक्त. म्हणून भूलतज्ज्ञ, नवजात अतिदक्षता विभाग आणि मुलांच्या शुश्रूषेत तयार झालेल्या परिचारिका यांच्यावाचून चांगला शल्यचिकित्सकही हतबल असतो. १९२९ साली बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात फ्रँक इंग्रॅहम यांनी मुलांसाठी स्वतंत्र मेंदूशल्य विभाग उभा केला. पुढे डोनाल्ड मॅटसन यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये या विषयावरचा पायाभूत ग्रंथ लिहिला. ही शाखा वेगळी असावी हा विचार तिथे रुजला.

डोक्यात साठलेले पाणी

मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांतील विशिष्ट जाळ्यांतून मस्तिष्क-मेरुद्रव सतत तयार होतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. प्रौढ माणसात हा द्रव कोणत्याही क्षणी साधारण १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात तयार होतो तो सुमारे अर्धा लिटर. म्हणजे जुना द्रव सतत शोषला जाऊन नवा येत राहतो. मोरी तुंबली की पाणी मागे साचत जाते, तसे या वाटेत कुठे अडथळा आला किंवा शोषण मंदावले की पोकळ्या फुगू लागतात. लहान बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, त्यामुळे डोके वाढते, टाळू ताठ होते, कपाळावरच्या शिरा ठळक दिसतात आणि डोळे मावळत्या सूर्यासारखे खाली झुकतात. मोठ्या मुलात कवटी ताणत नाही, म्हणून डोकेदुखी, उलट्या आणि सुस्ती ही लक्षणे पुढे येतात.

जगभरात दरवर्षी जवळपास ४ लाख मुलांना हा आजार होतो आणि त्यातली बहुसंख्य मुले गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराची यंत्रणा मात्र शंभर वर्षांपूर्वीच उलगडली होती. जॉन्स हॉपकिन्स येथे वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१३-१४ मध्ये प्रयोगांतून द्रव कुठे तयार होतो आणि अडवल्यास काय होते हे दाखवले. त्याआधी १९१० मध्ये शिकागोचे लेस्पिनास यांनी मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीने दोन बाळांच्या मेंदूतील द्रव तयार करणारी जाळी जाळण्याचा प्रयत्न केला होता. ते मूत्ररोगतज्ज्ञ होते. १९२३ मध्ये विल्यम मिक्स्टर यांनी दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून दिली. कल्पना बरोबर होत्या, पण प्रकाश आणि उपकरणे अपुरी होती. म्हणून पुढची कित्येक दशके हा मार्ग मागे पडला.

त्या जागी आला शंट. मेंदूतील जादा द्रव नळीने शरीरात दुसरीकडे नेऊन सोडायचा. पण मध्ये एकाच दिशेने आणि ठरावीक दाबालाच उघडणारी झडप हवी. ही झडप घडवण्याच्या इतिहासात दोन बाप आहेत. जॉन होल्टर हे अमेरिकेत कुलुपे बनवणाऱ्या कारखान्यातले तंत्रज्ञ. त्यांचा मुलगा केसी १९५५ मध्ये दुभंगलेला कणा घेऊन जन्मला आणि त्याच्या डोक्यात पाणी साठू लागले. त्यांनी सिलिकॉन वापरून झडप तयार केली आणि १९५६ पासून शल्यचिकित्सक यूजीन स्पिट्झ यांनी ती मुलांमध्ये बसवली. केसी पाच वर्षांचा होऊन गेला, झडप मात्र असंख्य मुलांना जगवत राहिली. दुसरे लेखक रोआल्ड डाल. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीने त्यांच्या तान्ह्या थिओच्या बाबागाडीला धडक दिली, नंतर त्याचा शंट वारंवार तुंबू लागला. डाल यांनी अभियंते स्टॅन्ली वेड आणि लंडनचे न्यूरोसर्जन केनेथ टिल यांना एकत्र आणले आणि १९६२ मध्ये कमी तुंबणारी झडप तयार झाली. तोपर्यंत थिओला तिची गरज उरली नव्हती. तिघांनीही त्यातून नफा घेतला नाही.

शंटने लाखो मुले वाचली, पण तो आयुष्यभराची जबाबदारी घेऊन येतो. तीन प्रकारच्या झडपांची तुलना करणारी ३४४ मुलांवरची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणतीही झडप दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. एका वर्षात दहापैकी सुमारे चार शंट निकामी झाले, दोन वर्षांत निम्म्याहून अधिक. महाग झडप म्हणजे चांगली झडप हा समज त्यामुळे डळमळला. तो आणखी हलला युगांडात. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाब्रा यांच्या नावाने ओळखला जाणारा स्वस्त शंट उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला तयार होतो. अमेरिकन न्यूरोसर्जन बेंजामिन वार्फ यांनी मबाले येथील रुग्णालयात १९५ मुलांमध्ये त्याची तुलना नामांकित परदेशी शंटशी केली. किंमत एकाची ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष : एका वर्षाअखेर परिणामात फरक नाही. भारतात घडलेले साधन आफ्रिकेत कसोटीला लागले आणि टिकले, ही आपल्याकडे पुरेशी सांगितली न गेलेली मोलाची गोष्ट आहे.

वार्फ यांच्यासमोरचा खरा पेच निराळा होता. खेड्यात परतलेल्या मुलाचा शंट रात्री तुंबला तर ते मूल रुग्णालयापर्यंत पोचणार कसे? म्हणून त्यांनी जुनी दुर्बीण नव्या रूपात परत आणली. तिसऱ्या पोकळीला छिद्र आणि सोबत द्रव तयार करणारी जाळी जाळणे, असा जोड उपाय त्यांनी लहान बाळांसाठी विकसित केला. टोरोंटोचे अभय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वय, कारण आणि आधीचा शंट यांवरून दुर्बिणीची शस्त्रक्रिया कितपत यशस्वी होईल हे सांगणारी गुणपद्धती दिली. २०१७ मध्ये युगांडातील १०० बाळांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एक वर्षानंतर दुर्बिणीच्या आणि शंटच्या गटांत बौद्धिक विकासाचे गुण लक्षणीय वेगळे नव्हते. म्हणजे निदान अशा लहान बाळांत कायमची नळी टाळणे हा सुरक्षित पर्याय ठरू शकतो. भारतात हा मार्ग रुजवण्यात मुंबईचे डॉ. चंद्रशेखर देवपुजारी यांच्यासारख्या बालमेंदूशल्यचिकित्सकांचा मोठा वाटा आहे.

शंटचा जंतुसंसर्ग कमी करण्याचाही पुरावा आता हाती आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील १,६०५ रुग्णांच्या चाचणीत साध्या नळीला ६ टक्के संसर्ग झाला, प्रतिजैविक भिनवलेल्या नळीला २ टक्के. चांदीचा लेप दिलेली नळी मात्र साध्या नळीइतकीच ठरली. याहून मुळाशी जाणारे संशोधन कारणांचे आहे. युगांडात या आजाराची सुमारे ६० टक्के मुले नवजात वयातील जंतुसंसर्गानंतर आजारी पडलेली आढळली. २०२० मध्ये त्यामागचा एक जिवाणूही ओळखला गेला. स्वच्छ बाळंतपण आणि नवजाताच्या तापावर वेळेत उपचार हाही मेंदूशल्यचिकित्सेचा भाग आहे, हे त्यातून सिद्ध होते.

दुभंगलेला कणा : मुंबईत सुरू झालेली गोष्ट

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मज्जानलिका मिटते. ती पाठीकडे उघडी राहिली तर मज्जारज्जू उघड्यावर येतो, बाळाच्या पाठीवर पातळ आवरणाचा फुगा दिसतो. पायांत शक्ती कमी, लघवी-शौचावर ताबा नाही आणि पुढे बहुतेकांच्या डोक्यात पाणी, असा हा स्पायना बायफिडा. पाठ शक्यतो जन्मानंतर ४८ तासांच्या आत मिटवावी लागते, नाहीतर मेंदूज्वराचा धोका वाढतो. ही शस्त्रक्रिया नसांची झालेली हानी भरून काढत नाही, उरलेले वाचवते.

म्हणून प्रतिबंधाला इथे सर्वांत मोठे स्थान आहे, आणि त्या प्रतिबंधाची मुळे मुंबईत आहेत. १९२८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ लूसी विल्स मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास केला. पोटाला पुरेशी भाजी, फळे, प्रथिने नसलेल्या या बायका यीस्टच्या अर्काने बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि १९४१ मध्ये पालकातून वेगळा केलेला पदार्थ फोलिक ॲसिड. साठ वर्षांनंतर, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले की आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतले तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. पहिल्याच बाळाच्या वेळीही ते उपयोगी पडते हे पुढच्या वर्षी हंगेरीतल्या अभ्यासाने सांगितले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात ते मिसळणे सक्तीचे केले. त्यामुळे तिथे दरवर्षी सुमारे १,३०० बाळे या दोषांपासून वाचतात.

ज्या शहरात हा शोध सुरू झाला त्या शहरातल्या, राज्यातल्या आणि देशातल्या स्त्रियांना त्याचा फायदा किती झाला? पुणे विद्यापीठातील प्राची भिडे, अनिता कर आणि सहकाऱ्यांनी भारतातील उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये आढावा घेतला. मज्जानलिकेच्या दोषांचे प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे ४ निघाले. हे जगातील जास्त प्रमाणांपैकी आहे. आपल्याकडे लोह-फोलिकच्या गोळ्या मिळतात, पण बहुतेक स्त्रियांना त्या गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होतात. पाळी चुकली हे कळेपर्यंत मज्जानलिका मिटण्याचा काळ जवळजवळ संपत आलेला असतो. गोळी प्रामाणिकपणे दिली जाते, घेतलीही जाते. या दोषापुरती ती उशिरा पोचते.

मूल होऊ शकणाऱ्या वयातील प्रत्येक स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड मिळावे, असा सल्ला आहे. सरकारी योजनांतून देण्याचे २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पोषणयुक्त तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडचे मानक आहे. दिवसाला पाव किलो तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून जेमतेम वीस ते तीस मायक्रोग्रॅम मिळेल. रक्तक्षयाच्या दृष्टीने आखलेल्या योजनेकडून कण्याच्या रक्षणाची अपेक्षा त्यामुळे पुरी होत नाही. आयोडीनयुक्त मिठातच फोलिक ॲसिड मिसळण्याचा प्रयोग दक्षिण भारतातील खेड्यांत झाला आणि स्त्रियांच्या रक्तातील फोलेट स्पष्ट वाढलेले दिसले. मीठ प्रत्येक घरात जाते, त्यामुळे ही वाट सर्वांत आशादायक वाटते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अन्नातून हे दोष रोखण्याचा ठराव केला. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत जगभरचे न्यूरोसर्जन पुढे होते. ज्यांच्या हातून या पाठी मिटवल्या जातात तेच ती वेळ येऊ नये म्हणून सरकारांकडे जातात, ही या शाखेची सर्वांत सन्माननीय बाजू आहे.

प्रतिबंध हुकला तरी एक नवी वाट उघडली आहे. अमेरिकेतील तीन केंद्रांत १८३ गर्भवतींवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. २६ व्या आठवड्यापूर्वी गर्भाशय उघडून बाळाची पाठ मिटवली, तर वर्षभरात शंटची गरज ८२ वरून ४० टक्क्यांवर आली. अडीच वर्षांच्या वयात आधाराविना चालणारी मुले २१ वरून ४२ टक्के झाली. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर थांबवण्यात आली. त्याची किंमतही नोंदवली गेली : अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण वाढते आणि आईच्या गर्भाशयावरचा व्रण पुढच्या गरोदरपणात धोका ठरू शकतो. कॅलिफोर्नियात डायना फार्मर यांच्या गटाने २०२१ पासून याच शस्त्रक्रियेत वारेतून मिळवलेल्या मूळ पेशींचा लेप वापरून पाहायला सुरुवात केली आहे. मात्र हे सारे अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी नीट झाली तरच शक्य आहे. तालुक्याच्या ठिकाणी ती तपासणी वेळेवर आणि सजग डोळ्यांनी होणे, हे गर्भशस्त्रक्रियेच्या केंद्राइतकेच महत्त्वाचे.

मेंदूतील गाठी

मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. या सगळ्या गाठी सारख्या नसतात. लहान मेंदूतील पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा पूर्ण काढता आला तर बहुतेक मुले शस्त्रक्रियेनेच बरी होतात. मेड्युलोब्लास्टोमाचे वर्णन बेली आणि कुशिंग यांनी १९२५ मध्ये केले, तेव्हा तो जवळपास मृत्युलेखच होता. गाठ द्रवातून पूर्ण कण्यात पसरते हे कळल्यावर संपूर्ण मेंदू-कण्याला किरण देण्याची पद्धत आली, मग रसायनोपचार जोडले गेले. आज मध्यम धोक्याच्या गटातील दहापैकी सुमारे आठ मुले पाच वर्षांनंतर हयात असतात.

किरणांची किंमत मात्र बुद्धी, वाढ आणि संप्रेरके चुकवतात, म्हणून तीन वर्षांखालील मुलांत ते शक्य तितके टाळतात. मोठ्या मुलांत कोणाला कमी मात्रा पुरेल हे ओळखण्यासाठी गाठीची जनुकीय ओळख उपयोगी पडते. २०१२ मध्ये या गाठीचे चार प्रमुख रेणवीय गट सर्वमान्य झाले. त्यांतल्या डब्ल्यूएनटी गटातील बहुसंख्य मुले बरी होतात. ही तपासणी महागड्या यंत्रांवर अडू नये म्हणून खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने साध्या जतन केलेल्या नमुन्यांवर चालणारी पीसीआर चाचणी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच आवारात २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले. त्यात आजूबाजूच्या निरोगी मेंदूवर कमी किरण पडतात.

सर्वांत कठीण प्रश्न मस्तिष्कस्तंभात पसरणाऱ्या ग्लायोमाचा. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांची केंद्रे जिथे दाटीने आहेत तिथे तो वाढतो. तो काढता येत नाही आणि निदानानंतरचे आयुष्य साधारणपणे वर्षाहूनही कमी असते. पॅरिसच्या नेकर रुग्णालयाने या गाठीतून सुरक्षितपणे तुकडा काढता येतो हे दाखवून दिले. २०१२ मध्ये त्यात हिस्टोन प्रथिनाचा एक विशिष्ट बदल सापडला. पुढे स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोंजे यांच्या गटाने या गाठीच्या पेशींवरील खुणेला लक्ष्य करणाऱ्या कार-टी पेशींचे, म्हणजे प्रयोगशाळेत बदललेल्या प्रतिकारपेशींचे, पहिले निकाल २०२२ मध्ये दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत या बदलाच्या गाठीसाठी पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. हा आजार बरा झालेला नाही, पण चाळीस वर्षे बंद असलेले दार किलकिले झाले आहे.

या प्रगतीचा फायदा ओळख वेळेत पटली तरच होतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून चाललेल्या ‘हेडस्मार्ट’ मोहिमेने पालक आणि डॉक्टर दोघांनाही लक्षणांची यादी दिली, आणि निदानाला लागणारा काळ सुमारे १४ आठवड्यांवरून ७ आठवड्यांच्या आत आला. आपल्याकडे सकाळच्या उलट्या पित्त म्हणून, तिरळेपणा चष्म्याचा नंबर म्हणून आणि झोकांड्या अशक्तपणा म्हणून महिनोन्‌महिने निघून जातात. सकाळी उठताच डोकेदुखी व उलटी, नव्याने आलेला तिरळेपणा, चालण्यात बिघाड, अभ्यासात अचानक घसरण यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली तर मेंदूची तपासणी लांबवू नये.

उपचार सुरू झाल्यावर ते पूर्ण होणे हीही लढाई आहे. बुलडाण्याहून किंवा नंदुरबारहून आलेल्या कुटुंबाला सहा आठवड्यांचे किरणोपचार घेताना मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न गाठीइतकाच निर्णायक ठरतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कित्येक पिढ्या रुग्णांना आसरा दिला. टाटा मेमोरियलच्या ‘इम्पॅक्ट’ उपक्रमाने राहणे, जेवण, औषधे आणि पाठपुरावा यांची सांगड घालून उपचार अर्धवट सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण घटवले. अशा व्यवस्थेला उपचाराचाच भाग मानून निधी मिळायला हवा.

औषधांना न जुमानणारा अपस्मार

फिट येणाऱ्यांपैकी बहुतेक जण औषधांनी बरे राहतात. २००० साली ग्लासगोहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ टक्के रुग्ण पहिल्याच औषधावर झटकेमुक्त झाले, दुसऱ्या औषधावर आणखी १३ टक्के. त्यानंतर औषधे बदलून फायदा झालेले अगदी थोडे. म्हणून योग्य निवडलेली दोन औषधे अपयशी ठरली की शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, हे आता मान्य आहे.

मुलांमध्ये याचा सर्वांत भक्कम पुरावा दिल्लीच्या एम्सने दिला. १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांची यादृच्छिक विभागणी करून केलेली ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकेमुक्त होते, केवळ औषधांवरच्या गटात ७ टक्के. वर्तन आणि जीवनमानही सुधारले. शस्त्रक्रियेच्या गटात तिसऱ्या हिश्शाला गंभीर परिणाम सोसावे लागले. त्यात एका बाजूची अपेक्षित दुर्बलताही होती, आणि हे पालकांना आधी स्पष्ट सांगणे हा उपचाराचा धर्म आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९५ पासून दाखवले की कमी खर्चात, काटेकोर निवडीने असे केंद्र वर्षानुवर्षे चालवता येते.

तरीही मुले इथे वर्षानुवर्षे उशिरा येतात. मेंदूचा अर्धा भाग सतत झटके देत असेल तर तो उरलेल्या निरोगी अर्ध्यालाही शिकू देत नाही. तीन वर्षांच्या मुलात तो भाग वेगळा केला तर भाषा दुसऱ्या बाजूला जाण्याची आशा चांगली असते, पंधराव्या वर्षी ती फारच कमी. देवाधर्माचे उपाय, लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून लपवलेला आजार आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची भीती यांत जी वर्षे जातात, ती परत मिळत नाहीत.

क्षय आणि मानेचा सांधा

पाश्चात्त्य ग्रंथांत ज्यांना थोडी जागा मिळते असे दोन विषय आपल्यासाठी मोठे आहेत. पहिला क्षयाचा मेंदूज्वर. त्यातून पाणी साठणे नेहमीचे, आणि कोणत्या मुलाला शंटचा उपयोग होईल हे ठरवण्यासाठी वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये दिलेली श्रेणी आजही वापरात आहे. तिचे सार असे की मूल शुद्धीवर असताना आले तर निकाल चांगला, बेशुद्ध आले तर वाईट. बीसीजीची लस मुलांना या भयंकर रूपापासून बऱ्याच अंशी वाचवते.

दुसरा विषय कवटी आणि मानेच्या सांध्याच्या जन्मजात दोषांचा. इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने जगाला शिकवले. डॉ. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये पहिल्या-दुसऱ्या मणक्यांना पट्टी व स्क्रूने स्थिर करण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीत हार्म्स यांनी त्यात बदल केला आणि आज जगभर ते दोघांच्या नावाने ओळखले जाते. हळूहळू हातपाय लुळे पडत चाललेली मुले या शस्त्रक्रियेने पुन्हा चालू लागतात.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

टाके काढले की शल्यचिकित्सकाचे काम संपते, मुलाचे तिथून सुरू होते. स्पायना बायफिडाची कित्येक मुले पूर्वी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. १९७२ मध्ये मिशिगनचे जॅक लॅपिडीस यांनी ठरावीक वेळाने स्वच्छ नळीने लघवी काढण्याची सोपी पद्धत मांडली आणि या मुलांचे आयुर्मान बदलले. एक साधी नळी, साबण-पाणी आणि आईला दिलेले नीट शिक्षण, एवढ्याने ते साधले. शंट असलेल्या मुलाच्या घरी नवीन उलटी, वाढती सुस्ती, ताठ टाळू, नळीच्या मार्गावर लाली किंवा ताप म्हणजे काय, हे आजी-आजोबांपासून शाळेच्या बाईंपर्यंत सर्वांना माहीत हवे. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर जवळपास चौथा हिस्सा मुलांची वाचा काही काळ जाते. आधी सांगितलेले असेल तर आईबाप खचत नाहीत आणि वाचोपचार लगेच सुरू होतात.

या पाठपुराव्याची चौकट महाराष्ट्रात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला. शोधायच्या जन्मजात दोषांच्या यादीत मज्जानलिकेचे दोष पहिल्याच ओळीत आहेत, आणि जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची केंद्रे अभिप्रेत आहेत. मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. कागदावरची ही साखळी अंगणवाडीपासून मुंबई-पुणे-नागपूरच्या केंद्रांपर्यंत अखंड जोडणे बाकी आहे.

पुढची दिशा

हा सारा पुरावा एकत्र ठेवला तर कामांचा क्रम स्वच्छ दिसतो. पहिले, मिठात किंवा पिठात पुरेशा मात्रेचे फोलिक ॲसिड, म्हणजे ते गर्भधारणेपूर्वीच प्रत्येक स्त्रीच्या अंगात असेल. दुसरे, प्रत्येक लसीकरणाच्या भेटीत टेपने डोक्याचा घेर मोजून आलेखावर नोंद. बाळाचे डोके पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढते. रेषा ओलांडून वर जाऊ लागले तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी. तिसरे, कोणत्या जिल्ह्यातून मूल कुठे पाठवायचे याचा ठरलेला नकाशा आणि त्यावर जबाबदार माणसाचा फोन. चौथे, प्रत्येक केंद्रात मुलाला मोठे होईपर्यंत धरून ठेवणारी समन्वयक परिचारिका. पाचवे, राज्यभराची एक नोंदवही, जिच्यातून कोणत्या मुलाचे पुढे काय झाले हे कळेल. नोंदीवाचून आपण किती मुले वाचवली याचा हिशेब लागतो, पण ती कशी जगली याचा लागत नाही.

जनुकांवर आधारित औषधे, मूळ पेशी, कार-टी यांवरचे संशोधन जोमाने व्हावे आणि त्यात आपल्या संस्थांचा वाटा वाढावा. पण पुढच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मुलांचे आयुष्य बदलेल ते वरच्या पाच साध्या कामांनी. त्यांना लागणारे ज्ञान सिद्ध झालेले आहे, बहुतेक साधने देशात बनतात आणि काही शोध तर इथल्याच संस्थांत लागले आहेत. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांकडून जगाने जे शिकून घेतले, ते त्यांच्या लेकी-नातींच्या घरात पोचवणे हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचे देणे आहे, आणि ते फेडण्याला आणखी कोणत्याही शोधाची वाट पाहायची गरज नाही.